भजनाच्या रेकॉर्डिंगसाठी रीपर : घरच्या लॅपटॉपवर मिक्सिंग करणाऱ्यांसाठी

घरी मिक्सिंग सुरू करायचंय, कुठलं सॉफ्टवेअर घेऊ, असं कुणी विचारलं की मी रीपर सांगते. का सांगते ते मात्र नीट मांडायला हवं. अशा सॉफ्टवेअरची परीक्षणं बहुतेक वेळा बीट्स बनवणाऱ्यांच्या नजरेतून लिहिलेली असतात आणि त्यांच्या गरजा वेगळ्या. माझं काम भजनाचं. सिंहगड रोडवरच्या एका भजनी मंडळात मी पेटी वाजवते आणि आमची व आसपासच्या दोन-तीन मंडळांची रेकॉर्डिंग घरच्या लॅपटॉपवर मिक्स करते. पखवाज, टाळ, वीणा, पेटी, पुढे गाणारे बुवा आणि मागे झील धरणारी मंडळी. आषाढाच्या आधी हे काम अंगावर येतं, कारण पालख्या पुण्यात मुक्कामाला यायच्या आत प्रत्येक मंडळाला आपले अभंग लोकांपर्यंत पोचवायचे असतात. तेव्हा पुढचं सगळं या कामाच्या हिशेबाने वाचावं.

रीपर बनवणाऱ्या कंपनीचं नाव कॉकॉस. तिचा एक संस्थापक जस्टिन फ्रँकेल. ज्यांनी सायबर कॅफेच्या जमान्यात संगणकावर गाणी ऐकली त्यांना विनॅम्प आठवत असेल. १९९७ साली आलेला तो प्लेअर याच माणसाचा. विनॅम्प बनवणारी त्याची तेव्हाची कंपनी १९९९ मध्ये एओएल या अमेरिकन इंटरनेट कंपनीने विकत घेतली, २००४ मध्ये फ्रँकेल तिथून बाहेर पडला आणि रीपरची १.० आवृत्ती २००६ मध्ये आली. सध्या सातवी आवृत्ती चालू आहे, ती २०२३ ची. हा इतिहास सांगायचं कारण असं, की विनॅम्पचा हलकेपणा रीपरमध्ये जसाच्या तसा उतरलाय. डाउनलोड पंधरा-वीस एमबीचं. आय-थ्री प्रोसेसर आणि आठ जीबी रॅमचा माझा लॅपटॉप तिशीच्या आसपास ट्रॅक विनातक्रार चालवतो. विंडोज, मॅक आणि लिनक्स, तिन्हींवर चालतं. पेन ड्राइव्हवर टाकूनही वापरता येतं. मंडळाच्या हॉलमधल्या दुसऱ्या कुणाच्या लॅपटॉपवर रेकॉर्डिंग करायचं असलं की मी तसंच करते. माझे सगळे शॉर्टकट आणि सेटिंग सोबत येतात.

पहिला मुद्दा लयीचा. माझ्या मते आपल्या संगीतासाठी सॉफ्टवेअर निवडताना हाच सगळ्यात मोठा.

भजन मेट्रोनोमवर, म्हणजे ठरावीक ठोके देणाऱ्या यंत्रावर, होत नाही. अभंगाचा मुखडा ठाय लयीत सुरू होतो, पहिल्या कडव्यानंतर पखवाज हळूहळू पुढे सरकतो, शेवटी गजर होतो तेव्हा लय दुपटीच्याही वर गेलेली असते. ही चढण कुणी मोजून करत नाही. बुवा मान हलवतात, पखवाजवाला ती ओळखतो आणि टाळकरी त्याच्या मागे जातात. बहुतेक सॉफ्टवेअर उघडलं की समोर येते ती १२० बीपीएमची (मिनिटाला १२० ठोक्यांची) जाळी, आणि कापलेला तुकडा त्या जाळीच्या रेघांना जाऊन चिकटतो. रीपरही सुरुवातीला तसाच असतो, पण प्रोजेक्ट सेटिंगमध्ये जाऊन टाइमबेस (तुकडे ठोक्यांना बांधायचे की वेळेला, ते ठरवणारी निवड) 'टाइम' वर ठेवला, वरची पट्टी मिनिटं-सेकंदांवर आणली आणि स्नॅप, म्हणजे रेघांना चिकटणं, बंद केलं की ठोक्यांचा संबंधच उरत नाही. तुम्ही ठेवलेला तुकडा ठेवल्या जागी राहतो. दोन टेक जोडताना मी समेवर कान ठेवते, पडद्यावर पखवाजाच्या समेचा उंच डोंगर दिसतोच, त्याच्या किंचित आधी एस दाबून कापते आणि दोन्ही तुकडे थोडेसे एकमेकांवर चढवते. क्रॉसफेड, म्हणजे एक आवाज विरत दुसरा वर येणं, आपोआप पडतो. ऐकणाऱ्याला जोड कळत नाही आणि लय जशी वाढत होती तशीच वाढत राहते. गाणाऱ्यांच्या कानात क्लिक घालून गायला लावणं मला मान्य नाही. त्याने रेकॉर्डिंग सोपं होतं, पण भजनातला जीव निघून जातो.

दुसरी गोष्ट पखवाजाची. ती जरा सविस्तर सांगते, कारण रीपरवर माझा जीव जडला तो इथे.

पखवाजाला डाव्या बाजूला भिजवलेली कणीक लावतात, उजव्या बाजूला शाई असते. दोन्हीकडे एकेक माइक लावला की कणकेच्या बाजूचा घुमारा आणि शाईच्या बाजूचा खणखणीत 'ता' वेगवेगळ्या ट्रॅकवर मिळतो. आधी दोन्ही ट्रॅक एकत्र लावून बघायचे. घुमारा पोकळ वाटला तर एका ट्रॅकवरचं फेजचं बटण उलटं करायचं आणि ज्या बाजूला आवाज भरीव वाटेल तिथे सोडायचं. दोन माइकपर्यंत एकच थाप थोड्या फरकाने पोचते, एका मीटरला साधारण तीन मिलिसेकंद, त्यामुळे हे होतं. इथपर्यंतचं काम कुठल्याही सॉफ्टवेअरमध्ये होईल.

खरी अडचण वेगळीच आहे. रेकॉर्डिंग संध्याकाळभर चालतं, वर पंखा असतो आणि कणीक वाळत जाते. पहिल्या अभंगात घुमारा खोल आणि ओला असतो. तिसऱ्या-चौथ्यापर्यंत तो चढतो, कोरडा होतो. मग पखवाजवाले दादा पुन्हा पाण्याचा हात लावतात किंवा कणीक बदलतात, आणि पुढच्या अभंगात आवाज पुन्हा खाली उतरतो. म्हणजे पखवाजाचा ट्रॅक एकच, पण प्रत्येक अभंगात वाद्य वेगळं. संपूर्ण ट्रॅकला एकच ईक्यू (आवाजाचे खालचे-वरचे पट्टे कमी-जास्त करणारा इफेक्ट) लावला तर एका ठिकाणी बरोबर बसतो आणि दुसऱ्या ठिकाणी बिघडवतो.

रीपरमध्ये इफेक्ट ट्रॅकवर लावता येतो तसा ट्रॅकवरच्या एकेका तुकड्यावरही लावता येतो. तुकडा निवडायचा, शिफ्ट आणि ई दाबायचं, त्या तुकड्यापुरता रीईक्यू, म्हणजे रीपरचा स्वतःचा ईक्यू, लावायचा. मी प्रत्येक अभंगाचा पखवाज वेगळा कापते. ओल्या कणकेच्या तुकड्यात १०० हर्ट्झच्या आसपास दोन-तीन डेसिबल काढते, नाहीतर पेटीचा खर्ज त्याखाली दबतो. वाळलेल्या तुकड्यात तिथे थोडं भरते आणि ३०० ते ४०० च्या दरम्यानचा डबडबाट कमी करते. सगळे अभंग ओळीने ऐकले की पखवाज एकाच वाद्यासारखा वाटायला हवा, तरी प्रत्येक अभंगातला त्याचा थोडासा वेगळा रंग मात्र पुसला जाऊ नये, हे माझं मोजमाप. तुकड्यावरच्या या सोयीमुळे मी वेगवेगळे ट्रॅक, ऑटोमेशनच्या रेघा, कॉपी-पेस्ट असलं काहीच करत बसत नाही. फक्त ऐकत आणि दुरुस्त करत जाते.

टाळांचा प्रश्न याच्या उलटा. सहा टाळकरी अर्धगोलात उभे असतील तर त्यांचा आवाज हॉलमधल्या प्रत्येक माइकमध्ये शिरतो. बुवांच्या माइकमध्ये तर भरपूर. गळ्याला उजाळा द्यावा म्हणून पाच हजार हर्ट्झच्या वर थोडं चढवलं की गळ्याआधी टाळच कानात घुसतात. म्हणून टाळांच्या स्वतःच्या माइकचा फेडर (आवाज कमी-जास्त करायची सरकपट्टी) मी जवळजवळ खाली ठेवते. बुवांच्या माइकमधून आलेला टाळच मुख्य टाळ, आणि टाळांचा माइक फक्त डावी-उजवीकडचा पसारा देण्यापुरता. गळ्याला वरची धार देण्याऐवजी दोन-तीन हजारांच्या पट्ट्यात अगदी हलका उठाव देते. शब्द तिथेच कळतात. मागे एकदा मिक्स ऐकवायला गेले तेव्हा आमचे बुवा म्हणाले, "ताई, माझा आवाज फार पुढे आलाय. टाळकरी मागे उभे असले तरी भजन त्यांचंही असतं." मी त्यांच्यासमोरच कोरसचा, म्हणजे झील धरणाऱ्यांचा, अख्खा फोल्डर दोन डेसिबलने वर घेतला. बुवांनी डोळे मिटून पुन्हा ऐकलं आणि मान हलवली. वाद्यांची आणि माणसांची अशी मांडणी ठरवायला गाणाऱ्यांनाच समोर बसवावं, असं माझं ठाम मत आहे.

फोल्डरवरून आठवलं. एका ट्रॅकखाली दुसरे ट्रॅक सरकवले की वरचा ट्रॅक त्या सगळ्यांचा मुख्य फेडर बनतो. वेगळा बस (अनेक ट्रॅक एकत्र आणणारा मार्ग) तयार करा, मग त्याला जोडण्या द्या, हा खटाटोप नाही. माझ्या प्रोजेक्टमध्ये 'झील', 'टाळ', 'पखवाज', 'पेटी-वीणा' अशी देवनागरी नावं सरळ लिहिलेली असतात आणि ती व्यवस्थित दिसतात. मंडळातल्या कुणाला शेजारी बसवलं तर पडद्यावर काय चाललंय ते त्यालाही वाचता येतं.

पेटी माझी स्वतःची, म्हणून तिच्याबद्दल मी जास्त कडक आहे. पेटी आणि गळा एकाच पट्ट्यात बोलतात. पेटीवाला गायकाच्या प्रत्येक स्वरामागे असतो, त्यामुळे दोघांचा आवाज एकमेकांवर चढतो. इथे मी साइडचेन वापरते, म्हणजे एका ट्रॅकच्या आवाजावरून दुसरा ट्रॅक दाबते. बुवांच्या ट्रॅकवरचं राउटचं बटण धरून पेटीच्या ट्रॅकवर ओढायचं, त्यातून तयार होणारा सेंड (एका ट्रॅकचा आवाज दुसऱ्याकडे नेणारी जोडणी) ३-४ चॅनेलवर टाकायचा आणि पेटीवरच्या रीकॉम्पला, म्हणजे रीपरच्या आवाज दाबणाऱ्या कॉम्प्रेसरला, तो सेंड ऐकायला लावायचा. रेशो २:१, दाब दोन डेसिबलच्या वर जाऊ द्यायचा नाही. बुवा गायला लागले की पेटी हळूच बाजूला होते आणि ओळ संपली की परत भरून येते. चांगला पेटीवाला हात हलका करून हेच करतो. दाब जास्त ठेवला तर पेटी श्वास घेतल्यासारखी फुगते-दबते, ते कानाला लगेच टोचतं, म्हणून दोनवर थांबा.

आता घुमाऱ्याबद्दल, म्हणजे रिव्हर्बबद्दल. रीपरसोबत येणारा रीव्हर्बेट हा प्लगइन (सॉफ्टवेअरला जोडायचा इफेक्ट) मला भजनासाठी फारसा भावत नाही, पण रीव्हर्ब नावाचा जो दुसरा प्लगइन येतो तो बाहेरची इम्पल्स फाइल घेतो. म्हणजे एखाद्या जागेत टाळी वाजवून किंवा फुगा फोडून रेकॉर्ड केलेला आवाज त्याला दिला की तुमचं गाणं त्या जागेत गायल्यासारखं वाजतं. आमच्या पेठेतल्या जुन्या विठ्ठल मंदिराला लाकडी सभामंडप आहे. दुपारी मंदिर शांत असताना पुजारीकाकांची परवानगी घेऊन मी तिथे फुगा फोडून रेकॉर्ड केलं. सागाच्या खांबांमुळे त्या घुमाऱ्यात काचेसारखी चकाकी नाही, लवकर विरतो आणि खालचा भाग उबदार राहतो. झील धरणाऱ्यांचा फोल्डर मी त्या सभामंडपात पाठवते, बुवांचा गळा थोडासाच, पखवाज जवळजवळ नाही. विकत मिळणारे महागडे रिव्हर्ब मी ऐकलेत. भजनासाठी मला हा मंडप त्या सगळ्यांहून प्रिय आहे आणि त्याला फुग्यापलीकडे खर्च आलेला नाही.

पंख्याचा आवाज काढण्यासाठी रीएफआयआर प्लगइनचा सबट्रॅक्ट मोड आहे. गाणं सुरू होण्याआधीची चार-पाच सेकंदांची शांतता त्याला ऐकवायची, तो पंख्याची छाप घेतो, मग छाप घेण्याची खूण काढून टाकायची. जपून वापरा, जास्त झालं की आवाज पाण्याखालून आल्यासारखा होतो. शक्य असेल तर रेकॉर्डिंगच्या वेळी पंखा बंद करणं केव्हाही उत्तम, पण मे महिन्यात टाळकऱ्यांना ते सांगवत नाही.

काम संपल्यावर फाइल काढणं, म्हणजे रेंडर, इथे रीपर फार नेटका आहे. पूर्ण संध्याकाळचं रेकॉर्डिंग मी एकाच प्रोजेक्टमध्ये ठेवते, प्रत्येक अभंगाला रीजन (सुरुवात-शेवट ठरवलेला पट्टा) करते, रीजनला अभंगाचं नाव देते आणि एकदाच रेंडर करते. सगळ्या फाइली वेगवेगळ्या, आपापल्या नावांनी बाहेर पडतात. रेंडरनंतर प्रत्येक फाइलचा लाउडनेस आणि सगळ्यात उंच टोक समोर दिसतं. यूट्यूब साधारण उणे १४ एलयूएफएसच्या (लाउडनेस मोजायचं एकक) वरचं गाणं खाली आणतो, खालचं मात्र वर उचलत नाही. त्यामुळे अनेक जण लिमिटरने (उंच टोकं अडवणाऱ्या इफेक्टने) दाबून सगळं उणे १४ च्या पुढे नेतात. भजनाला हे मारक आहे. मुखडा शांत आणि गजर मोठा, यात जो चढ आहे तोच दाबला जातो. मी उणे १६ च्या आसपास थांबते, टोक उणे १ डेसिबलच्या खाली ठेवते आणि मंडळाला व्हॉट्सअॅपवर फाइल 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवते, म्हणजे ती पुन्हा आकुंचन पावत नाही.

उणिवाही सांगायला हव्यात. रीपरसोबत वाद्यांचे आवाज, लूप, तयार ठेके असं काही येत नाही. ज्यांना संगणकावरच तबला-सिंथ वाजवून गाणं उभं करायचंय त्यांनी दुसरीकडे बघावं. मॅक असेल तर गॅरेजबँड फुकट मिळतं आणि त्यात वाद्यं भरपूर आहेत. एकाच व्याख्यानाची किंवा प्रवचनाची काटछाट करायची असेल तर ऑडॅसिटी पुरेसं आहे, तेही मोफत. रीपरचं रूपडं साधं, काहीसं करडं. ते बदलता येतं, पण नवशिक्याला पहिल्या दिवशी मोहात पाडेल असं नाही. मेनूंची गर्दी प्रचंड आहे. उजवं क्लिक केलं की इतकी लांब यादी उघडते की घाबरायला होतं. शिकण्यासाठी चारशेहून जास्त पानांचं मॅन्युअल आणि भरपूर व्हिडिओ कंपनीच्या संकेतस्थळावर मोफत आहेत, पण इंग्रजीत. मंडळातल्या दोन मुलांना मी शिकवतेय, त्यांना मेनूतल्या फक्त पंधरा-वीस गोष्टी लिहून दिल्यात. तेवढ्यावर त्यांचं सगळं काम चालतं.

दुसरं असं, की कुठलंही सॉफ्टवेअर खोली सुधारत नाही. माझी खोली दहा बाय दहाची, भिंती उघड्या. मागच्या भिंतीवर आणि दोन्ही बाजूंना आजीच्या जाड गोधड्या दोरीवर टांगल्या, तेव्हा पखवाजाचा घुमारा खरा किती आहे ते स्पीकरवर कळायला लागलं. रात्री शेजाऱ्यांचा विचार करून हेडफोनवर काम करावं लागतं, तर चांगल्या बंद हेडफोनवर खर्च करा. केबल, जॅक, सोल्डरिंगचं सामान मी तपकीर गल्लीतून आणते. तिथे हातात घेऊन बघता येतं आणि जॅक ढिला वाटला तर दुकानदार लगेच दुसरा काढून देतो.

किंमत. साठ दिवस रीपर पूर्णपणे मोफत वापरता येतं, त्यात काहीही बंद ठेवलेलं नसतं. साठ दिवसांनंतरही ते चालतच राहतं, फक्त उघडताना आठवणीची खिडकी येते. कृपया त्या खिडकीवर वर्षानुवर्षं बसून राहू नका. घरगुती वापरासाठी, किंवा या कामातून वर्षाला २०,००० डॉलरपेक्षा कमी उलाढाल असेल तर परवाना ६० डॉलरला मिळतो, म्हणजे आजच्या भावाने पाच हजार रुपयांच्या थोडं वर. शाळा आणि ना-नफा संस्थांनाही हाच दर. त्याहून मोठा धंदा असेल तर २२५ डॉलर. दरमहा भाडं नाही. सातव्या आवृत्तीत घेतलेला परवाना आठवी आवृत्ती संपेपर्यंत चालतो. आमच्या मंडळाने वर्गणीतून पैसे काढून परवाना घेतला. खर्चाच्या वहीत 'पखवाजाची पुडी' आणि 'टाळांच्या दोऱ्या' यांच्या खालची नोंद ती आहे. एवढ्या प्रामाणिक दरात इतकं मोठं काम करणाऱ्यांना त्यांचा मोबदला मिळायला हवा, यावर मंडळात एकाचंही दुमत झालं नाही.

घेतल्या घेतल्या तीन गोष्टी करा. टाइमबेस 'टाइम' वर आणा. प्रेफरन्सेसमध्ये दर पाच मिनिटांनी वेळेच्या नावासह आपोआप सेव्ह होईल अशी खूण करा. आणि तुमच्या मंडळातली सगळी वाद्यं, फोल्डर, सेंड एकदा नीट लावून तो प्रोजेक्ट टेम्प्लेट म्हणून ठेवा. पुढच्या वेळी हॉलमध्ये मंडळी टाळ काढेपर्यंत तुमचे ट्रॅक रेकॉर्डिंगला तयार असतील.